वायफायच्या रेषा पूर्ण, तरी पान उघडत नाही: शाळेच्या संगणक कक्षाचं नेटवर्क मुळापासून

सर, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी यंदा तुमच्याकडे आली. बारा संगणक, एक प्रिंटर आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत फायबरचं कनेक्शन. अधूनमधून सगळं जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. तंत्रज्ञ येतो, काहीतरी बंद करून चालू करतो आणि निघून जातो. स्विच, राउटर, मोडेम, आयपी हे शब्द कानावर आहेत, पण ही यंत्रं एकमेकांना सापडतात कशी, हे कुणी नीट सांगितलेलं नाही.

बावीस वर्षं मी शाळा, पतसंस्था आणि दवाखान्यांची नेटवर्क बसवते आणि बिघडली की दुरुस्त करते. सगळा घोळ 'जोडलेलं' या शब्दात आहे. या एका शब्दात चार निरनिराळ्या गोष्टी येतात: तार किंवा वायफाय लागलेलं असणं, संगणकाला पत्ता मिळालेला असणं, बाहेर जायचा दरवाजा माहीत असणं, आणि नावावरून पत्ता शोधता येणं. चारही जमल्या तर पान उघडतं. वायफायच्या रेषा फक्त पहिलीबद्दल सांगतात. म्हणून मी तुमच्या कक्षातला एक संगणक घेते आणि बटण दाबल्यापासून पान उघडेपर्यंत त्याच्यामागे जाते. म्हणजे कुठलं यंत्र कशासाठी आहे, ते आपोआप कळेल.

सुरुवात तारेपासून. शाळांमधले निम्म्याहून जास्त बिघाड मला तारेतच सापडले आहेत, म्हणून इथे जरा थांबते. निळ्या किंवा करड्या केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. एका तारेतून संदेश सुलट जातो, जोडीदार तारेतून तोच उलट. वाटेत पंख्याची किंवा ट्यूबलाइटची खरखर दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे खरखर वजा होऊन जाते. दोन्ही तारांवर ती सारखी बसावी म्हणूनच त्या पिळायच्या. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. टोकाला कनेक्टर बसवताना मात्र आपले लोक सोयीसाठी दोन-दोन इंच पीळ उलगडतात. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू देऊ नका.

कनेक्टरमधला रंगांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी फुटलेली दिसते ना, ती मुद्दाम तशी आहे. नवखा मुलगा दोन्ही हिरव्या शेजारी-शेजारी लावतो. दोन्ही टोकांना तसंच केलं की दोनशे-तीनशे रुपयांच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल चांगली ठरते. कारण तो टेस्टर या टोकाची तार त्या टोकाला पोचते की नाही एवढंच बघतो. प्रत्यक्षात तिसऱ्या आणि सहाव्या जागेचा संदेश आता दोन वेगवेगळ्या जोड्यांतून चाललेला असतो, पिळाचा उपयोग संपतो आणि लांब केबलवर नेट कधी येतं, कधी जातं. 'टेस्टर तर ओके दाखवतोय' हे वाक्य ऐकलं की मी आधी कनेक्टर डोळ्यासमोर धरून रंग वाचते.

अजून एक तपासणी फुकटात होते. जुन्या १०० मेगाबिटच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागत, गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या जोडणीला, आठही लागतात. बाकीच्या चारांपैकी एखादी तुटली तर संगणकातली बरीच नेटवर्क कार्डं निमूटपणे १०० वर उतरतात, काही अडकून पडतात. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग दिसतो. अकरा संगणक १००० दाखवतायत आणि बारावा १००, तर त्या बाराव्याची केबल नाहीतर कनेक्टर बदला. एका केबलची मर्यादा १०० मीटर आहे, ती तुमच्या इमारतीत पुरेल. केबल विकत घेताना मात्र शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवली की तुटते आणि कनेक्टरमध्ये कालांतराने सैल पडते. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कोटेशनमध्ये 'कॅट सिक्स' एवढंच लिहिलेलं असतं, तिथे 'तांब्याची' हा शब्द स्वतः घाला.

सगळ्या केबली येऊन मिळतात त्या पेटीला स्विच म्हणतात. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक दिलेला असतो, तो मॅक पत्ता. त्याचा पहिला अर्धा भाग कुठल्या कंपनीचं कार्ड ते सांगतो. स्विचला सुरुवातीला काहीच माहीत नसतं. संदेश आला की तो पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता आणि तो कुठल्या पोर्टातून, म्हणजे केबल खोचायच्या खाचेतून, आला, हे टिपून ठेवतो. ज्याच्यासाठी संदेश आहे त्याची नोंद असेल तर तेवढ्याच पोर्टातून बाहेर काढतो, नसेल तर सगळीकडे पाठवतो. मिनिटभरात त्याला घरातली सगळी माणसं पाठ होतात. पूर्वीचे हब काहीच टिपत नसत, आलेला प्रत्येक संदेश सगळ्यांना ओरडून सांगत.

इथला एक धोका तुमच्या कक्षात हमखास येणार आहे. एका शाळेत परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं नेटवर्क एकाएकी ठप्प झालं. जाऊन बघते तर स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी, जीव तोडून लुकलुकत होते. झाडताना कुणाला तरी केबलचं एक मोकळं टोक दिसलं होतं आणि त्या भल्या माणसाने ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं होतं. केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. सगळ्यांना उद्देशून निघालेला संदेश एका पोर्टातून बाहेर पडला, दुसऱ्यातून आत आला, पुन्हा सगळीकडे गेला, पुन्हा आत आला. या पातळीवरच्या संदेशाला 'किती फेऱ्या झाल्या' हे मोजायची सोय नसते, त्यामुळे तो कधीच थांबत नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये यावर उपाय शोधला: स्विच आपसात बोलून असा वेढा ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. पण शाळांना परवडणाऱ्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. तेव्हा मोकळी टोकं ठेवू नका, आणि सगळे दिवे एकत्र वेड्यासारखे लुकलुकताना दिसले तर एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती दोषी.

तार लागली, आता पत्ता. मॅक पत्ता असताना दुसरा पत्ता कशाला, असं विद्यार्थी विचारतील, आणि प्रश्न चांगला आहे. मॅक पत्ता म्हणजे माणसाचं नाव. नावावरून माणूस कुठे राहतो ते कळत नाही. पोस्टापुढेही हीच अडचण होती. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या भाषांतले पत्ते. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोड आणला, १५ ऑगस्ट १९७२ला. टपाल खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवीही होते, हे मुलांना जरूर सांगा. पिनकोडचा पहिला आकडा ४ असला की पत्र आपल्या विभागात, ४११ म्हटलं की पुण्याकडे, आणि शेवटचे तीन आकडे नेमकं वाटप करणारं पोस्ट सांगतात. वर्गीकरण करणाऱ्याला पूर्ण पत्ता वाचावा लागत नाही, सुरुवातीचे आकडे पुरतात.

आयपी पत्ता असाच दोन भागांचा असतो. समजा संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२३ आणि त्याच्यासोबत दिलेला मास्क २५५.२५५.२५५.०. मास्क सांगतो की पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर. एका गल्लीत अशी २५४ घरं मावतात, तुमच्या शाळेला भरपूर झाली.

हा पत्ता संगणकाला कुणी दिला? सुरू झाल्या झाल्या संगणक गल्लीत हाक मारतो: 'मी नवा आहे, कुणी पत्ता देतं का?' पत्ते वाटण्याचं काम राउटरकडे, म्हणजे शाळेचं नेटवर्क बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या यंत्राकडे असतं, डीएचसीपी म्हणतात ते हेच. तो म्हणतो, '२३ नंबर मोकळा आहे.' संगणक म्हणतो, 'तोच द्या.' राउटर म्हणतो, 'दिला, अमुक वेळेपर्यंत तुझा.' चार संदेशांत व्यवहार पूर्ण. पत्ता मुदतीवर मिळतो आणि निम्मी मुदत संपली की संगणक आपणहून ती वाढवून मागतो. पत्त्यासोबत अजून दोन गोष्टी हातात पडतात: बाहेरच्या दरवाजाचा पत्ता आणि नावं शोधून देणाऱ्याचा पत्ता. त्यांच्याकडे पुढे येते.

हाकेला कुणीच ओ दिली नाही तर विंडोज स्वतःच एक पत्ता घेऊन बसतं, आणि तो १६९.२५४ने सुरू होतो. हे आकडे लक्षात ठेवा. ते दिसले की समजा, संगणक राउटरपर्यंत पोचलेलाच नाही. इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही, दोष तुमच्या केबलमध्ये, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये आहे.

हाकेला दोघांनी ओ दिली तर आणखी वाईट. एका पतसंस्थेत सोमवारी सकाळी निम्म्या संगणकांना नेट होतं, निम्म्यांना नव्हतं. दुपारपर्यंत मी केबली तपासत बसले. शेवटी दोन संगणकांचे पत्ते शेजारी ठेवून बघितले तेव्हा उलगडा झाला: एकाचा १९२.१६८.१ने सुरू होत होता, दुसऱ्याचा १९२.१६८.०ने. केबिनमध्ये वायफाय हवं म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतली केबल त्याच्या साध्या पोर्टात लावली होती. तोही पत्ते वाटायला लागला. ज्या संगणकाने ज्याचं उत्तर आधी ऐकलं, त्याचा पत्ता घेतला, आणि नव्या राउटरचा बाहेरचा दरवाजा तर कुठेच उघडत नव्हता. त्या दिवसापासून मी पहिल्या पाच मिनिटांत पत्ते बघते, केबल नंतर. तुमच्याकडे कुणी जुना राउटर वायफायसाठी आणलाच, तर त्यातलं पत्ते वाटण्याचं काम आधी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि मगच तो जोडा.

आता संगणकाला काहीतरी पाठवायचं आहे. तो आधी मास्क लावून बघतो: समोरचा माझ्याच गल्लीतला आहे का? प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५० असेल तर हो. मग तो सगळ्या गल्लीला विचारतो, '५० नंबर कोण? तुझा मॅक सांग.' प्रिंटर उत्तर देतो आणि छपाई सुरू होते. यात इंटरनेटचा काही संबंध नाही. फायबर तुटलेलं असतानाही बारा संगणकांवरून छपाई झाली पाहिजे. होत नसेल, तर बहुतेक वेळा प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो. काल ५० होता, सुट्टीनंतर मुदत संपून ३१ झाला, आणि संगणक अजून ५०लाच हाका मारतायत. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर एक कायमचा पत्ता राखून ठेवता येतो. हे एवढं एक काम केलंत तरी वर्षभरातल्या तक्रारी कमी होतील.

समोरचा गल्लीबाहेरचा असेल तर संगणक संदेशाचं पुडकं बाहेरच्या दरवाजाकडे, म्हणजे राउटरकडे देतो. गेटवे म्हणतात तो हाच, बहुधा १९२.१६८.१.१. इथे एक बारकावा आहे. पुडक्यावर आयपी पत्ता दूरच्या मुक्कामाचाच राहतो, मॅक पत्ता मात्र राउटरचा घातलेला असतो. पाकिटावरचा पत्ता तोच राहतो आणि आरएमएसची, म्हणजे रेल्वे टपाल सेवेची, थैली प्रत्येक टप्प्यावर बदलते, तसंच. प्रत्येक राउटर थैली फोडतो, पाकिटावरचा पत्ता वाचतो आणि पुढच्या टप्प्याच्या थैलीत घालतो. प्रत्येक टप्प्याला पुडक्यावर लिहिलेला एक आकडा एकाने कमी करतो, शून्य झाला की पुडकं टाकून देतो. त्यामुळे इथे पुडकी अनंत काळ फिरत नाहीत. पुडकी असतातही लहान, साधारण १५०० बाइटची. तीन एमबीचा एक फोटो म्हणजे दोन हजारांच्या आसपास पुडकी. ती मागेपुढे पोचली किंवा हरवली तर क्रमांक बघून जुळवणं आणि हरवलेली परत मागवणं हे टीसीपी नावाच्या नियमावलीचं काम.

राउटर अजून एक गोष्ट करतो. ३२ बिटांचे आयपी पत्ते जगात मिळून साधारण ४२९ कोटी, ते केव्हाच अपुरे पडले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखलेले आहेत, तेच आकडे तुमच्या शाळेत, माझ्या घरी आणि शेजारच्या दवाखान्यात एकाच वेळी असू शकतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या पुडक्यावरचा आतला पत्ता खोडून राउटर स्वतःचा घालतो आणि कुणाचं पुडकं होतं ते वहीत टिपतो. उत्तर आलं की वही बघून योग्य संगणकाला देतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या हेच काम त्यांच्या बाजूला अजून एकदा करतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होताना दिसला तर ते चाललंय असं समजा. एरवी पानं बघायला त्याने अडत नाही, पण शाळेचा सीसीटीव्ही घरून थेट बघायचा असेल तर बाहेरून आत येणारी वाटच नसते. त्यासाठी कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो किंवा १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची, आयपीव्ही६ची सोय वापरावी लागते.

मुख्याध्यापकांच्या खोलीतली पेटी म्हणजे मोडेम की राउटर, हे तुम्ही खास विचारलंय. त्या एका डब्यात चार यंत्रं आहेत: काचेच्या तंतूतला प्रकाश विजेच्या संदेशात बदलणारं (लोक मोडेम म्हणतात ते), पत्ते आणि दरवाजा सांभाळणारा राउटर, चार पोर्टांचा स्विच आणि वायफाय. नावांचा गोंधळ त्यामुळेच होतो. तो काचेचा तंतू तुमच्या एकट्याचा नसतो. वाटेत प्रकाश साध्या काचेच्या फाट्यांनी ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. खाली येणारा प्रकाश सहसा १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१०चा, म्हणून एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक होते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांना अपाय करू शकतो. मुलांना त्या टोकात डोकावू देऊ नका. तंतूला तीव्र वळण पडलं की प्रकाश गळतो. कपाट सरकवताना पिवळी किंवा काळी वायर कोपऱ्यात दुमडली गेली की डब्यावरचा लाल दिवा लागतो, तो लागला की इंटरनेट कंपनीलाच फोन करायचा.

चौथी पायरी नावाची. आपण लिहितो नाव, पुडक्यावर लागतो आकडा. सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये होती, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएसची रचना मांडली: नावांची वही अनेकांत वाटून दिलेली, एकाला माहीत नसेल तर तो पुढच्याकडे बोट दाखवतो. तुमचं 'सगळं जोडलेलं, पण पान नाही' हे दुखणं पुष्कळदा इथलंच असतं. दरवाजा उघडा, रस्ता मोकळा, पण नाव शोधून देणारा गप्प.

म्हणून पुढच्या वेळी काही बंद-चालू करण्याआधी हे करा. कमांडची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडा आणि संगणकाचा पत्ता दाखवणारी आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवा. पत्ता १६९.२५४ने सुरू होतोय का, किंवा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या गल्लीतला आहे का, ते बघा. पत्ता ठीक असेल तर दरवाजाला, १९२.१६८.१.१ला, पिंग (ping) करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. उत्तर नाही आलं तर दोष शाळेच्या आत. आलं तर ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या यंत्राला, पिंग करा. तिथे अडलं तर दोष डब्यात किंवा कंपनीकडे. तेही चाललं, तर एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करा. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडतच नाही, तर दोष डीएनएसचा. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात.

वायफायबद्दल थोडंच. बारा संगणक जागेवरून हलणार नसतील तर ते केबलवरच ठेवा. एका वाहिनीवरच्या हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात, आणि तीस मुलांनी एकत्र व्हिडिओ लावला की रांग लागते. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींपलीकडे बऱ्यापैकी पोचतं, पण तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी, पण भिंतीत ते लवकर दमतं. कक्षात वायफाय हवंच असेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या डब्यावर भिस्त न ठेवता, केबल ओढून कक्षातच एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारी पेटी, लावा.

या शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर काढा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा, प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, आणि कुठला संगणक स्विचच्या कुठल्या पोर्टात ते कागदावर लिहून स्विचशेजारी भिंतीला लावा. पुन्हा बिघाड झाला तर मला तिन्ही पिंगची उत्तरं, आयपीकॉन्फिगमधला पत्ता आणि डब्यावर कुठले दिवे कुठल्या रंगात लागलेत ते कळवा.